भट्टीत भाजलेले, कागदावर कच्चे : वऱ्हाडातील हातघडणीचे कवेलू

नांदगाव खंडेश्वर : रोहिणी नक्षत्र लागले की वऱ्हाडातील खेड्यांत पूर्वी एक लगबग हमखास दिसे. मृगाचा पाऊस पंधरवड्यावर आलेला असे आणि घरोघरी छपरावर माणसे चढलेली असत. जुने कवेलू उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत पुन्हा नव्याने रचत जायचे, असे हे काम. याला शाकारणी म्हणा किंवा कवेलू फेरणे म्हणा. पुण्या-मुंबईच्या वाचकांना जे 'कौल' म्हणून ठाऊक आहे, तेच विदर्भात 'कवेलू'. मात्र येथे विषय आहे तो कारखान्यात साच्यातून निघालेल्या चपट्या मंगलोरी कौलाचा नव्हे, तर कुंभाराने चाकावर घडविलेल्या, अर्धगोल, हातभरही लांब नसलेल्या देशी कवेलूचा.

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावरील नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव बाहेरच्यांना परिचित आहे ते खंडेश्वराच्या प्राचीन दगडी मंदिरामुळे. या हेमाडपंती मंदिरात यादवकालीन शिलालेख आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याचे वाचनही केले आहे. देव दगडाखाली राहिला. माणसे मात्र मातीखाली राहिली आणि त्या मातीच्या छपराचा शिलालेख कोणी कोरला नाही. ढोबळमानाने पाहता पश्चिमेकडे, पूर्णेच्या खोऱ्यात अकोल्याच्या बाजूला, पांढऱ्या मातीचा थर दिलेली सपाट धाब्याची घरे अधिक, तर पूर्वेला वर्ध्याकडे आणि उत्तरेला मेळघाटच्या डोंगरात उतरत्या पाख्याची कवेलूची घरे अधिक. पाऊस जास्त तेथे उतार हवा, हा त्यामागचा साधा हिशेब. नांदगावचा परिसर या दोन रीतींच्या मधल्या पट्ट्यात येतो.

काळ्या मातीशी झुंज

कपाशीसाठी सोन्याच्या मोलाची असलेली वऱ्हाडची काळी माती कुंभाराला मात्र सुखासुखी साथ देत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला निव्वळ काळ्या मातीच्या कवेलूचे काय होईल हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. असा एखादा खडा कवेलूत राहून गेला, तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पुढे पहिल्या पावसाचे पाणी मुरले की तो चुना फुलतो आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कवेलूचा टवका उडतो. म्हणून माती निवडणे ही या धंद्यातील पहिली आणि सर्वांत मोठी विद्या. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा किंवा नाल्याच्या काठचा गाळ आणायचा, तो वाळवून कुटायचा, चाळायचा, खड्ड्यात भिजत घालायचा आणि त्यात राख, लीद, बारीक रेती मिसळून पायांनी तुडवायचा. लीद व राखेमुळे मातीचा चिकटपणा आटोक्यात येतो. लीद भट्टीत जळून गेल्यावर तिच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि कवेलू वजनाला हलका होतो. प्रमाण कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. मातीची वळी करून ती बोटाभोवती गुंडाळायची. चीर पडली तर एक हिशेब, न पडली तर दुसरा.

पुढचे काम चाकावरचे. कवेलू एकेक करून घडवितात, असा शहरी माणसाचा समज असतो, तो बरोबर नाही. कुंभार चाकावर बूड नसलेला, एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्या तोंडाला किंचित अरुंद असा उभा नळा काढतो. नळा थोडा आवळला की त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर वरपासून खालपर्यंत चिरा पाडतो. मात्र त्या आरपार जाऊ देत नाही. नळा पूर्ण वाळला की हलक्या टिचकीने त्याचे सरळ दोन भाग होतात. एका नळ्यातून दोन कवेलू. चीर उथळ राहिली तर नळा वेडावाकडा फुटतो, खोल गेली तर वाळतानाच दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला वाकतात. एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद ही ठेवणही हौसेची नव्हे. एका कवेलूचे अरुंद तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडाखाली सरकते, म्हणून तर छप्पर जुळते.

वाळवण आधी सावलीत, मग उन्हात. एकदम उन्हात टाकलेला कवेलू आडवा-तिडवा पिळवटतो आणि छपरावर कधीच नीट बसत नाही. त्यानंतर आवा. गोवऱ्या, पऱ्हाट्या, लाकडाचे तुकडे आणि कवेलू यांचे थरावर थर रचून वरून काडीकचरा, राख व मातीचे लिंपण दिले जाते. आवा पेटविल्यावर तो आतल्या आत धुमसत राहतो आणि पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. अशा उघड्या आव्यात साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअस एवढी उष्णता मिळते आणि तीही सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे एकाच आव्यातून लालबुंद, काळपट आणि फिकट गुलाबी असे तीन रंगांचे कवेलू निघतात. लाल तो उत्तम. काळा तो धुराने रंगलेला, पण बहुधा टिकाऊ. फिकट तो कच्चा. दोन पावसाळ्यांत त्याचे पीठ होते. पारख कानाने करायची. बोटाच्या पेराने ठोकले असता खणखणीत नाद आला तर घ्यावा, बद्द आवाज आला तर परत टाकावा.

हा सारा उद्योग दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या आधी संपत असे. मडकी-गाडगी बलुत्याच्या व्यवहारात जात. कवेलू मात्र शेकड्याने, हजाराने मोजून रोख विकला जाई. त्यामुळे कुंभाराच्या घरी वर्षातून एकदा हाती पैसा खेळे तो या कामातून. जिल्ह्याचे सुपुत्र असलेल्या डेबूजी जानोरकरांना 'गाडगेबाबा' ही ओळख ज्या गाडग्याने दिली, ते गाडगे घडविणाऱ्यांचे घर चालण्यात कवेलूचा वाटा मोठा होता, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

खिळ्याविना छप्पर

कवेलूच्या छपराला एकही खिळा लागत नाही. वाश्यांवर बांबूच्या कमच्या, त्यावर तुराट्यांचा थर आणि त्यावर कवेलूची मांडणी. खालचा थर पोट वर करून, म्हणजे पन्हळीसारखा; वरचा थर पालथा, दोन पन्हळींमधला सांधा झाकणारा. पाणी वरच्याच्या पाठीवरून खालच्याच्या पोटात उतरते आणि वळचणीतून बाहेर पडते. सगळे काही वजनावर आणि घर्षणावर टिकून असल्याने उताराला मर्यादा येते. पाखे फार उभे केले तर कवेलू घसरतात, फार आडवे केले तर वाऱ्याबरोबर पाणी उलटे आत शिरते.

याच सुटेपणात या छपराचे गुण आहेत आणि दोषही. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कवेलूच्या असंख्य फटींतून घरातील तापलेली हवा वर निघून जाते. मातीचा दुहेरी थर आणि मधली हवा उष्णता लवकर खाली येऊ देत नाही. पाऊस पडून गेला की सच्छिद्र कवेलूत मुरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि खोली थंडावते. लोखंडी टिनाखाली दुपारी बसून पाहिलेल्या माणसाला हा फरक पटवून द्यावा लागत नाही. दुसरीकडे वाऱ्या-वादळाने कवेलू सरकतात, त्यात विंचू-साप आसरा घेतात आणि वानरांची एक टोळी छपरावरून धावून गेली की वर्षाच्या मेहनतीचा चुराडा होतो. वऱ्हाडातील अनेक गावांत टिन बसविण्याचे कारण विचारले तर पहिले उत्तर 'वानरं' हेच मिळते. यात अतिशयोक्ती नाही.

म्हणजे कवेलूचे छप्पर ही एकदा विकत घेऊन विसरून जायची वस्तू नव्हती. ते दरवर्षी मागणी करणारे छप्पर होते. फुटक्या कवेलूंच्या जागी नवे देणारा कुंभार, कमच्या पुरविणारा बुरूड, वासा बदलणारा सुतार आणि पाख्यावर पायाचा भार कोठे टाकावा हे जाणणारा फेरणारा, ही साखळी जिवंत होती तोवर छपरे शंभरी गाठत. साखळीतील एक कडी निखळली की उरलेल्यांचे काम आपोआप थांबते. कवेलू वाईट म्हणून हा धंदा गेला, असे म्हणणे त्यामुळे अर्धसत्य ठरते.

कारखान्याचे कौल

हातघडणीच्या कवेलूला पहिला धक्का दिला तो मंगलोरने. बासेल मिशन या स्विस-जर्मन धर्मप्रसारक संस्थेच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगलोरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. आरंभी माती मळायला बैलांच्या दोन जोड्या होत्या आणि दिवसाला ५६० कौले निघत. पुढे वाफेचे यंत्र आले आणि हे कौल सर्वदूर गेले. त्याला खाचा असतात, एक कौल दुसऱ्यात अडकते, म्हणून ते घसरत नाही आणि दरवर्षी फेरावे लागत नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि अवजड माल विदर्भात आणणे सोपे झाले. पुढे वऱ्हाडातील वाडे, शाळा, विश्रामगृहे, जिनिंगच्या इमारती यांवर कारखान्याचे कौल चढले. कास्तकाराच्या आणि मजुराच्या घरावर देशी कवेलू राहिला. येथूनच कवेलूच्या कपाळी गरिबीचा शिक्का बसला.

तो शिक्का सरकारी कागदावर कसा उमटला, हे मात्र पाहण्यासारखे आहे. २००१ च्या जनगणनेत घराच्या छपरासाठी 'कौले' असा एकच रकाना होता. २०११ च्या जनगणनेत त्याचे दोन झाले : हाताने बनविलेली कौले आणि यंत्राने बनविलेली कौले. त्याच सुमारास झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत हातघडणीच्या कौलांचे छप्पर गवत, पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पंक्तीत, म्हणजे 'कच्चे' धरले गेले. यंत्राची कौले, लोखंडी पत्रे आणि काँक्रीट ही 'पक्की' ठरली. 'पक्का' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी शिजलेला, भाजलेला. जो कवेलू रात्रभर आव्यात भाजून निघाला तो कच्चा, आणि जो पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो तो पक्का, अशी ही वर्गवारी आहे.

ही केवळ शब्दांची गंमत असती तर सोडून देता आली असती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात लाभार्थी निवडीचा पाया हीच गणना होती. बेघर, तसेच कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या शून्य ते दोन खोल्यांच्या घरात राहणारी कुटुंबे पात्र. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचे. मातीच्या भिंतींवरील कवेलू अशा रीतीने घरकुल मिळविण्याचा पुरावा झाला आणि घरकुल मंजूर होताच तो उतरविणे ओघाने आले. ज्या मजुराच्या घरात दरवर्षी पाणी गळते, त्याने स्लॅब मागितला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार शहरात पंख्याखाली बसलेल्या कोणालाही नाही. घरकुलाने हजारो कुटुंबांना कोरडी रात्र दिली आहे, हे मान्य करायलाच हवे. आक्षेप आहे तो वेगळ्या गोष्टीवर. छप्पर गळते की नाही, वासे सडले की नाही, हे न पाहता ते हाताने घडविले की यंत्राने, यावरून त्याची प्रत ठरविली गेली. नीट भाजलेला, नीट रचलेला कवेलूही त्यामुळे दारिद्र्याच्या खात्यात जमा झाला आणि त्याला गिऱ्हाईक म्हणून कोणी उरले नाही.

मेक्सिकोतील उलटी गंगा

नेमकी याच्या उलट गोष्ट मेक्सिकोत घडली आहे. तेथील पुएब्ला शहर 'तालावेरा' नावाच्या रंगीत चिनीमातीच्या फरशा व भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील तालावेरा दे ला रेयना या गावची ही विद्या स्पॅनिश वसाहतवाल्यांबरोबर तेथे गेली. मातीची फरशी एकदा भाजायची, कथिलाच्या भस्माने पांढरीशुभ्र होणाऱ्या लुकणात बुडवायची, त्यावर हाताने निळी-पिवळी नक्षी काढायची आणि दुसऱ्यांदा भाजायची. १६५३ मध्येच तेथील कुंभारांच्या संघाने मालाची प्रत राखण्यासाठी नियम घालून घेतले होते. १९९५ मध्ये या मालाला भौगोलिक मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. ठराविक प्रदेशातील माती, ठराविक रंग आणि हाताची घडण असल्याशिवाय कोणालाही फरशीला तालावेरा म्हणता येत नाही. २०१९ मध्ये स्पेन व मेक्सिकोतील ही कला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

तालावेराची नक्षीदार फरशी आणि वऱ्हाडचा उघडा-बोडका कवेलू यांची तुलना शोभेच्या बाबतीत होऊच शकत नाही. एक श्रीमंतांच्या हवेलीच्या भिंतीवर चढते, दुसरा गरिबाच्या डोक्यावर. परंतु माती, चाक आणि आवा दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो 'हातघडण' या शब्दाच्या किमतीत. तेथे या शब्दाने मालाचा भाव वाढतो; येथे त्याच शब्दाने छपराचा वर्ग खाली येतो.

वर्ध्याचा धडा

उपाय शोधायला मात्र मेक्सिकोपर्यंत जाण्याची गरज नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९३६ पासून उभ्या राहिलेल्या आश्रमातील बापू कुटी आजही पाहता येते. मीराबेन यांच्या देखरेखीखाली माती, बांबू आणि देशी कवेलू अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून ती बांधली गेली. १९७८ मध्ये सेवाग्रामला आलेल्या इव्हान इलिच या विचारवंताने या कुटीवरच भाषण केले आणि ते जगभर वाचले गेले. कुटी टिकली आहे याचे रहस्य एकच : तिची नियमित देखभाल होते.

याच परिसरात आणखी पुढचा प्रयोग झाला. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरच निघणारा, पेल्यासारखा निमुळता 'गुणा' कवेलू प्रचारात आणला. एकाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या तोंडात अडकवीत गेले की कमान तयार होते. अशा कमानी शेजारी शेजारी उभ्या करून वरून गिलावा दिला की लाकूड व लोखंड यांच्याविना पक्के छप्पर होते. पेल्यांच्या आत हवा कोंडलेली असल्याने खोली थंड राहते. ते सरकत नाही आणि वानरांनाही दाद देत नाही. कुंभाराच्या जुन्या कौशल्याला नव्या घराशी जोडण्याचा हा मार्ग जवळच असूनही घरकुलांच्या मोठ्या कार्यक्रमात त्याला मानाचे स्थान मिळाले नाही. कारण बहुधा कारागिरीत नसून अंदाजपत्रकात आहे. सिमेंट-सळईच्या स्लॅबचा हिशेब प्रत्येक अभियंत्याला पाठ असतो, कमानीचा हिशेब बसून करावा लागतो.

कुंभारांसाठी योजना नाहीत, असे नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेवरची चाके वाटली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. वंशपरंपरागत कुंभारांना ठराविक मर्यादेपर्यंत मातीचे स्वामित्वधनही माफ आहे. परंतु चाक आहे, कर्ज आहे आणि कवेलू घेणारा नाही, अशा स्थितीत विजेच्या चाकावर पणत्या, कुंड्या आणि माठच निघणार. त्यात वावगे काही नाही; फक्त कवेलूचा नळा काढण्याचा सराव सुटत जातो. हाताला ती सवय मोडायला एक पिढी पुरते. जळणाचीही अडचण आहेच. पूर्वी शेतातून मोळ्यांनी मिळणारी पऱ्हाटी आता यंत्राने शेतातच बारीक केली जाते किंवा विकत घ्यावी लागते.

उतरविलेल्या कवेलूचे पुढे काय होते, हाही एक स्वतंत्र विषय आहे. शाबूत निघालेले गोठ्यावर, शेतातील खोपीवर चढतात. काही शहराकडील हॉटेलांच्या आणि फार्महाऊसच्या दर्शनी भागावर 'गावरान' शोभा म्हणून जातात. फुटक्यांचा पूर्वी चांगला उपयोग होई. भाजक्या मातीचा चुरा म्हणजे सुरखी, ती चुन्यात मळली की पाण्यातही घट्ट होणारा दर्जा तयार होई आणि जुने हौद, विहिरी, वाडे त्यावर उभे राहत. सिमेंट आल्यानंतर तो चुरा रस्त्याच्या खड्ड्यांत पडू लागला.

ज्या वाचकांच्या गावाकडील वाड्यावर वा घरावर अजून देशी कवेलू आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुटक्यांची मोजणी पावसाळा संपताच करून कुंभाराला सांगणे दिवाळीनंतर लगेच केले, तरच माती भिजविणे, नळे वाळविणे आणि आवा लावणे वेळेत होते. रोहिणीत आभाळ भरून आल्यावर धावपळ करणाऱ्याला कोणताही कुंभार कवेलू देऊ शकत नाही. माल घेताना आव्यातील सर्व थरांचे नमुने वाजवून पाहावेत, एक कवेलू रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी हाताने दाबावा आणि कडा विरघळली असेल तर तो ढीग नाकारावा. जुन्या कवेलूंचे माप सोबत न्यायला विसरू नये; दर गावच्या कुंभाराचा नळा वेगळा असतो आणि बोटभर फरकानेही सांधा झाकला जात नाही.